पट्ट्याची करवत आणि आपले हात

कऱ्हा व नीरा या नद्यांच्या काठी वसलेल्या आमच्या मुलखात बाभळीला तोटा नाही. शेताचा बांध असो वा ओढ्याची कड, ती आपोआप उगवते. आणि गावोगावच्या सुतारांनी याच कठीण व चिवट लाकडातून पिढ्यान्‌पिढ्या नांगर, कुळव, पाभर आणि बैलगाडीची चाके घडविली. पुढे वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव येथे साखर कारखाने उभे राहिले, तेव्हा ऊस वाहणाऱ्या गाड्यांनाही हेच लाकूड उपयोगी पडले. वाकस, पटाशी, रंधा व हातकरवत एवढीच त्या सुताराची सामग्री असे. हल्ली मात्र आरागिरणीत पाऊल टाकावे, तर विजेच्या यंत्रांचा आवाज कानी पडतो. त्या यंत्रांपैकी एकाचा, म्हणजे पट्ट्याच्या करवतीचा, आम्ही येथे विचार करणार आहोत. कारागीर तिला बँड सॉ म्हणतात. हिच्याविषयी लोकांत एक गैरसमज आहे, आणि त्याची किंमत बोटांनी चुकवावी लागते. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. एकावर एक अशी दोन चाके असतात व त्यांच्या काठांवर रबर बसविलेले असते. त्यांवरून दातेरी पोलादी पट्टी, दोन्ही टोके जोडून अखंड केलेली, रहाटगाडग्याच्या माळेप्रमाणे फिरते. खालच्या चाकास मोटर गती देते. वरचे चाक पट्टी ताणून धरते. मध्ये लोखंडी मेज असून त्याच्या फटीतून पट्टी खाली जाते. दातांचा रोख खाली असल्यामुळे लाकूड मेजावर दाबले जाते. गोल करवत कधीकधी लाकूड उलट कामगाराच्या अंगावर फेकते. तसे ही सहसा करीत नाही. शिवाय पट्टी अरुंद असल्याने चाकाच्या घेरासारखे वक्र तुकडेही हिच्यावर कापता येतात.

या यंत्राचा इतिहास बोधप्रद आहे. इंग्लंडात विल्यम न्यूबेरी याने १८०८ साली याचे पेटंट घेतले; परंतु पट्टीचा सांधा टिकेना, म्हणून कल्पना कागदावरच राहिली. १८४६ साली ॲन पॉलीन क्रेपँ नावाच्या फ्रेंच स्त्रीने सांधा जोडण्याच्या रीतीचे पेटंट घेतले, तेव्हा हे यंत्र व्यवहारात येण्याचा मार्ग मोकळा झाला. अडतीस वर्षे ज्या सांध्यासाठी यंत्र अडून राहिले, तो सांधा काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने डोळ्यांखालून घातलाच पाहिजे.

आता त्या गैरसमजाकडे वळू. ही करवत लाकूड फेकत नाही व तिचा आवाजही बेताचा असतो; यावरून ती निरुपद्रवी आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः पट्टी एकाच दिशेने अखंड धावत असल्यामुळे चालताना ती स्थिर भासते. येथे थोडे गणित करू. चाकाचा व्यास ४० सेंटीमीटर असेल व ते मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर पट्टी मिनिटास सुमारे १००५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने धावते. चटका बसताच हात मागे घेण्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो असे धरले, तरी तेवढ्यात ३ मीटरांहून अधिक पट्टी पुढे गेलेली असते; आणि इंचास चार दाते असल्यास पाचशेहून अधिक दाते त्या जागेवरून जातात. सारांश, डोळा फसतो व हात उशिरा सावध होतो. म्हणून हाताची जागा यंत्र सुरू करण्यापूर्वीच ठरली पाहिजे. पुढील सर्व नियम या एका तत्त्वातून निघतात.

यंत्र सुरू करण्यापूर्वी अंगावरील कपड्यांकडे लक्ष द्यावे. उपरणे, ओढणी, सैल बाही, अंगठी, मनगटावरील दोरा यांपैकी काहीही नसावे. केस बांधलेले असावेत. हातमोजेही घालू नयेत, कारण मोज्याचा धागा दातांत अडकला की तो बोटाला सोबत ओढतो. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. नंतर पट्टीचा ताण, दात व सांधा तपासावा. पट्टीला आधार देणारा वरचा मार्गदर्शक व त्याचे झाकण लाकडाच्या पृष्ठभागापासून पाव इंचाहून अधिक उंच ठेवू नये. जितकी पट्टी उघडी, तितका धोका अधिक. जुन्या गाडीचे लाकूड असल्यास त्यात खिळा दडलेला नाही ना, हे नीट पाहावे. खिळ्यावर आदळलेली पट्टी तुटते.

कापताना दोन्ही हात पट्टीच्या रेषेत कधीही नसावेत. ते तिच्या दोन बाजूंस असावेत, आणि शेवटचा भाग ढकलकाठीने पुढे सारावा. बाभळीला गाठी फार. तेथे जोर न लावता सावकाश सारावे. सर्वांत मोठा घात गोल फांदीने होतो. सपाट फळी मेजावर टेकून राहते. गोल फांदीस मात्र दाते लागताच ती गरकन फिरते व हातासह पट्टीकडे ओढली जाते. यास्तव ती खाचेच्या ठोकळ्यात घट्ट बसविल्याखेरीज कापू नये. वक्र कापावयाचे असल्यास पट्टीची रुंदी ध्यानात घ्यावी. ६ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीने साधारणतः १६ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेता येते. १२ मिलिमीटरच्या पट्टीस सुमारे ६४ मिलिमीटर त्रिज्या लागते. याहून आखूड वळणासाठी आधी आडवे छेद द्यावेत. यंत्र चालू असता लाकूड मागे ओढल्यास पट्टी चाकावरून निसटते.

पट्टीतून ‘टक्‌ टक्‌’ असा ठरावीक आवाज येऊ लागला, तर तिला चीर गेली असे समजून तत्काळ बटण बंद करावे. खांबाच्या विरुद्ध, उघड्या बाजूस कोणीही उभे राहू नये. बटण बंद केल्यावरही चाके काही वेळ फिरतच राहतात. ती पूर्ण थांबल्यावाचून भुसा झाडू नये, आणि झाडावयाचा तोही ब्रशाने. आमच्या खेड्यांत आणखी एक सावधगिरी हवी. वीज गेली की यंत्र थांबते, माणसे गप्पांत रमतात व बटण चालूच राहते. वीज परत येताच करवत एकाएकी धावू लागते, आणि त्या क्षणी एखाद्याचा हात मेजावर असतो. वीज जाताच पहिले काम बटण बंद करणे. पट्टी बदलताना तर वीजजोडणीच काढून ठेवावी.

एवढी काळजी घेऊनही इजा झालीच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, चहापूड, माती यांतले काहीही लावू नये. बोट तुटले असल्यास ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फात ठेवावी. बोटास बर्फाचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ नये. मग क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

पालकांस एक विनंती आहे. १९४८ सालच्या कारखाना कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात कामास लावण्यास मनाई केली. आणि अठरा वर्षांखालील तरुणास, धोके व खबरदारी पूर्ण समजावून दिल्यावाचून, तसेच पुरेसे शिक्षण वा जाणत्याची देखरेख असल्यावाचून, धोक्याच्या यंत्रावर ठेवू नये असा दंडक घातला. घरच्या लहान दुकानात कायद्याचा निरीक्षक येत नसेल. म्हणून तेथली पट्टी काही मऊ होत नाही. सुट्टीत मुलगा हाताशी आहे एवढ्यावरून त्याला करवतीपाशी उभे करू नये.

विद्यार्थ्यांनो, कुशल सुताराची ओळख त्याच्या वेगावरून होत नाही. वृद्धपणी ज्याची दहाही बोटे शाबूत आहेत व ज्याने आपल्या शागिर्दांचीही तशीच राखली, तोच खरा कारागीर होय.

अभ्यास
१. चाकाचा व्यास ६० सेंटीमीटर व फेरे मिनिटास ७०० असल्यास पट्टीचा ताशी वेग काढा.
२. गोल फांदी व सपाट फळी यांच्या कापण्यात कोणता फरक आहे, तो आकृती काढून दाखवा.
३. घराजवळील दुकानात यंत्राचे बटण कामगाराच्या हाताशी आहे काय, ते दुरूनच पाहून वर्गात सांगा.