सरासरीच्या आड

प्रकाशकाच्या माहितीपत्रकात दोन आकडे ठळक असतात: किती शोधनिबंध छापले आणि त्यांना किती उद्धरणे मिळाली. दुसऱ्याला पहिल्याने भागून आलेल्या सरासरीवर विसंबून निबंध कुठे पाठवायचा हे ठरवू नका, असे मी तरुण संशोधकांना कळकळीने सांगतो. इम्पॅक्ट फॅक्टर ही अशीच सरासरी आहे. आधीच्या दोन वर्षांतल्या मजकुराला यंदा मिळालेली उद्धरणे भागिले त्या दोन वर्षांतले निबंध. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’ या नियतकालिकाच्या ‘ए’ विभागाचा हा आकडा २००८ साली २ च्या आसपास होता, २००९ साली तो ५० च्या घरात गेला. कारण एकच निबंध! जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये ‘शेलएक्स’ या संगणकप्रणालीचा इतिहास लिहिला आणि प्रणाली वापरणाऱ्यांना याच निबंधाचा हवाला देता येईल, असे त्यातच सुचवले. स्फटिकांची रचना उलगडणारे हजारो जण तो देऊ लागले. निबंध मोलाचाच होता. पण शेजारी छापलेल्या निबंधांची उद्धरणे त्याने वाढली नाहीत. दोन वर्षांची मुदत संपली आणि २०११ साली आकडा पुन्हा २ वर आला.

निबंधांच्या संख्येचेही तसेच. ‘हिंदावी’ या प्रकाशनसंस्थेचे आठ हजारांहून अधिक निबंध २०२३ या एका वर्षात मागे घेतले गेले. तोवर ते सारे ‘उत्पादन’ म्हणूनच मोजले जात होते, आणि त्यांच्या संदर्भसूचीतली उद्धरणे कुणाच्या ना कुणाच्या खात्यावर जमा होत होती.

यावर म्हणतात, निवड समितीपुढे अर्जांचा ढीग असतो, प्रत्येक निबंध वाचणार कोण? अडचण खरी आहे, म्हणून आकडे टाकून द्या असे मी म्हणत नाही. सरासरीऐवजी मध्यक मागा. सगळे निबंध उद्धरणांच्या क्रमाने लावले की मधल्याला किती मिळाली ते पाहा. एखादा शेल्ड्रिक त्याला हलवू शकत नाही. स्वतःच्याच नियतकालिकांतून आलेली उद्धरणे वेगळी काढा, मागे घेतलेले निबंध वजा करा. तुलना एकाच विषयातली हवी, कारण गणितातला निबंध उद्धृत व्हायलाच अनेकदा दोन वर्षांहून जास्त काळ लागतो. मराठीत इतिहास किंवा समाजशास्त्र लिहिणाऱ्यांची पंचाईत आणखी मोठी आहे. त्यांचे संदर्भ मराठी ग्रंथांच्या तळटीपांत असतात, आणि त्यांतले बहुतेक स्कोपससारख्या सूचींपर्यंत पोचतच नाहीत. तिथे दिसणारे शून्य मोजणीचे आहे; समितीने त्या तळटीपा स्वतः उघडून पाहाव्यात.