बाबांचा कूलर सुरू कर

पुणे, एप्रिल

चि. नीलेश यास,


काल रात्री मालूआत्याचा फोन आला. लग्नाच्या निमित्तानं ती अकोल्याला आली होती, दोन दिवस तुमच्याकडे राहिली. तिनं जे सांगितलं त्यानंतर मला झोप लागली नाही. दुपारी ती माडीवर गेली तर तुझे बाबा फरशीवर ओला पंचा अंथरून पडले होते. कूलर बंद, वायर गुंडाळून वर ठेवलेली. विचारलं तर म्हणाले, "दोन ते पाच लावायचा नाही असं ठरलंय. बिल तीनशे युनिटच्या वर जातं."

हे खरं आहे का, नीलेश? मालू तिखटमीठ लावून सांगते हे मला ठाऊक आहे. पण ओला पंचा ती मनानं रचणार नाही.

दत्ताचं वय बहात्तर. बीपीची गोळी चालू आहे. या वयात तहान लागायची तशी लागत नाही, घामही यायचा तसा येत नाही. माणूस आतून तापत जातो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. अकोल्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारचे दोन ते पाच हेच तर जिवावरचे तास. सगळा दिवस सोडून नेमके तेच तीन तास तू निवडलेस?

तू म्हणशील, बाबा स्वतःच नको म्हणतात. म्हणणारच. दत्ता जन्मभर हेच म्हणत आला. पण मी हे शब्द त्याच्याही आधी एकदा ऐकले आहेत. जुन्या घरात स्वयंपाकघरावर टिनाचे पत्रे होते हे तुला ठाऊक आहे. तुझी आजी भर मे महिन्यात त्याखाली चुलीपुढे बसायची. मी तेव्हा नुकताच वीज मंडळात लागलो होतो, गावोगाव खांब उभे करत हिंडायचो. पहिल्या पगारातून सायकल घेतली. पत्र्याखाली बोरूच्या ताट्यांचं छत मारून घेऊ का, असं आईला एकदा विचारलं होतं. "मला नाही रे उकडत," ती म्हणाली आणि मी ते खरं मानलं. त्याची हळहळ अजून गेलेली नाही. म्हणून सांगतो, म्हाताऱ्या माणसाच्या "नको"वर जाऊ नकोस.

आता हिशेब करू, कारण तू हिशेबी मुलगा आहेस आणि मला ते आवडतं. कूलरच्या पाठीवरची पट्टी वाच. तुमचा कूलर १८० वॉटच्या आसपासचा असेल. तीन तास चालला तर अर्ध्या युनिटच्या थोडं वर, म्हणजे महिन्याला साधारण १६ युनिट. एवढ्यासाठी दत्ता फरशीवर पडतो.

आणि खाली बैठकीत जो पंखा फिरतो तो कधीचा आहे? मी रिटायर होण्याच्याही आधीचा. तो ७५ वॉट खातो, वर तो चौकोनी डब्याचा जुना रेग्युलेटर. वेग कमी केला की वाचायला हवी ती वीज त्या डब्यात उष्णता होऊन जाते. हात लावून बघ, गरम लागेल. नवे बीएलडीसी पंखे तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतात. बैठकीतला पंखा दिवसाला पंधरा तास चालतो असं धर. एक पंखा बदललास की महिन्याला २० युनिट वाचतात. म्हणजे एका पंख्यात दत्ताच्या दुपारच्या कूलरची वीज निघते आणि वर चार युनिट उरतात. घेताना बीईईच्या लेबलवरचे तारे बघ, २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ते सक्तीचे आहेत. लावताना जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करून घे, नाहीतर आतलं सर्किट जळतं आणि दुकानदार हात वर करतो. चारही पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी.

तीनशे युनिटचं तुझ्या डोक्यात कोणी भरवलं ते मला कळत नाही. तीनशे ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो असं बरेच जण समजतात. तसं नाही. पहिल्या शंभरांना पहिला दर, एकशे एकपासून तीनशेपर्यंत दुसरा, आणि तीनशेच्या वर जितके जातील तितक्यांनाच तिसरा. दहा युनिट वर गेले तर त्या दहांचेच जास्त पैसे. आकाश कोसळत नाही. उलट वाचवलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं, म्हणून पंखा बदलण्याचा फायदा दिसतो त्याहून मोठा आहे.

मालू म्हणाली मीटरजवळच्या प्लगला हिरवा दिवा लागणारा एक डबा आहे, बिल निम्मं करणारा. काढून टाक तो. त्यात एक कपॅसिटर असतो. घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेले युनिट मोजतो, त्यावर त्या डब्याचा काही परिणाम होत नाही. माझी सगळी नोकरी विजेत गेली, घेण्याआधी मला एक फोन करायचा होतास रे.

पण माझा जीव अडकलाय तो माडीच्या खोलीत. तिच्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत नागडी. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली आग ओकतो. अशा खोलीत कूलर काय, एसीसुद्धा दमेल. उपाय छतापासून सुरू कर. गच्ची झाडून धुवून घे, भेगा बुजव आणि चुन्यात थोडं फेव्हिकॉल कालवून दोन हात दे. पांढरं छत ऊन परत फेकतं, खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा १३०० हून अधिक माणसं जास्त दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेनं उष्णतेचा आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं कामही हाती घेतलं. चुना काही महाग नाही. पावसात धुपतो, म्हणून दर फाल्गुनात पुन्हा एक हात द्यावा लागतो, एवढंच.

पश्चिमेच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून हिरवी जाळी बांध. भिंतीला चिकटवू नकोस, मधून वारा खेळला पाहिजे. खिडकीचा पडदा आतून कितीही जाड असला तरी काच तापतेच, म्हणून बांबूची चिक बाहेरून सोड.

कूलरच्या ताट्या या वर्षी बदलल्यास का? तुमच्याकडच्या खाऱ्या पाण्यानं त्यांवर पांढरा थर बसतो, मग वारा येत नाही आणि मोटर नुसती घरघरते. कूलर खिडकीतच हवा आणि समोरची दुसरी खिडकी वीतभर उघडी. दार-खिडक्या लावून कूलर लावला की खोलीत ओल कोंडते, अंग चिकट होतं आणि दत्तासारखा माणूस स्वतःच उठून बटण बंद करतो. त्याच्या "नको"मागे हेही असू शकेल. जाऊन बघ ना एकदा, दुपारी दोन वाजता तो त्या खोलीत कसा पडलेला असतो.

सोलरचं विचारत होतास. कर, पण पुढच्या वर्षी. केंद्राच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि एक किलोवॉट महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट देतो. आधी घराची भूक कमी कर, मग लहान संच पुरेल. पॅनेलची सावली स्लॅबवर पडते हा आणखी एक फायदा. अर्ज सरकारी पोर्टलवरूनच. दारात येणाऱ्या एजंटाच्या कर्जाच्या कागदावर सही करू नकोस.

लिहिता लिहिता राग उतरला. तू वाईट मुलगा नाहीस. मिहिरची फी, स्वातीच्या आईचं ऑपरेशन, त्यात तुझी कंत्राटी नोकरी. युनिट लिहिलेला कागद भिंतीला लावून बसलायस हे ऐकून मालूला चीड आली, मला गलबलून आलं. पंख्याचे आणि चुन्याचे पैसे मी स्वातीच्या खात्यावर पाठवतो. परत करायची भाषा काढू नकोस, दत्तानं माझ्या शिक्षणासाठी शाळा सोडली होती, त्याचा हिशेब कोणी ठेवला? चुन्याचं काम सकाळी सहाला सुरू कर, आठच्या आत उरक, डोक्याला पंचा बांधून चढ.

आणि एक. मालू म्हणत होती तू वाळलास. या महिन्यात तुला रात्रपाळी आहे असंही तिच्याकडून कळलं. मग दिवसा तू कुठे झोपतोस, बाबांजवळ त्या माडीवरच ना? म्हणजे त्याच तापल्या खोलीत तूही पडतोस आणि रात्री पुन्हा मशीनवर उभा राहतोस. नीलेश, दत्ताच्या काळजीनं पत्र लिहायला बसलो होतो, तुझं माझ्या ध्यानातच आलं नाही. कूलर लाव बाळा, दोघांसाठी लाव, आणि चार तास नीट झोप. बिलाचं आपण बघू.

तुझा,
मोठेबाबा