संगणक सांभाळण्याचा हुन्नर

व्यापारी बंधूंनो, अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची दोन वर्षांची महाविद्यालये आहेत. त्यांतले सर्वांत जुने सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 साली निघाले. नोकरी-धंदा सांभाळून अनेकजण अशा ठिकाणी संध्याकाळी ‘सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे कचेरीतील संगणकांची व्यवस्था शिकतात.

सराव बहुधा लिनक्सवर होतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते, जुन्या संगणकावरही चालते.

पहिला धडा अधिकाराचा. ‘रूट’ ही मालकाची किल्ली; रोजच्या कामाला ती काढू नये. प्रत्येकाला कामापुरतीच मुभा द्यावी.

दुसरा धडा बॅकअपचा. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. तागा उलगडून पाहिल्याशिवाय आपण माल घेत नाही. तशी प्रत परत उतरवून पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये.

आपली उधारीची खाती संगणकात असतील, तर हिशेबनिसाला आजच सांगा: कालची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून दाखव. ती उघडली नाही, तर यंत्र बिघडेल त्या दिवशी वसुलीचा आधारच जाईल.