कात अडकलेल्या धामणीस साहाय्य

धामण बिनविषारी असून शेतातील उंदीर खाते. म्हणून ती जगणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. कात टाकण्यापूर्वी तिचे डोळे निळसर व धूसर होतात आणि ती आडोशाला पडून राहते. निरोगी सापाची कात ओठांपासून सुटून बहुधा अखंड उतरते. हवा फार कोरडी असल्यास किंवा अंगावर जखम असल्यास मात्र ती तुकड्यातुकड्यांनी निघते. शेपटीवर राहिलेल्या वेढ्याने रक्तप्रवाह थांबून टोक झडू शकते.

तरीही कात ओढू नये. डोळ्यांस व नव्या त्वचेस इजा होते. शिवाय दुरून सापाची ओळख चुकण्याचा संभव असतो. बांधावरील दगड, पालापाचोळा व पाण्याजवळची ओलसर जागा मोडू नये. ओलाव्याने कात सुटण्यास साहाय्य होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये धामण पकडणे वा पाळणे निषिद्ध असल्याने ग्रामसेवकांनी जखमी सापाची वर्दी वनखात्यास द्यावी.