कॉर्व्हेअर : मॅन्युअलमध्ये राहिलेली सेफ्टी

‘ओव्हरस्टिअर’ म्हटलं की आपल्याला व्हायवा आठवते. पण याच ओव्हरस्टिअरमुळे अमेरिकेत एक अख्खी गाडी बदनाम झाली. तिचं नाव शेव्हरले कॉर्व्हेअर.

ऑक्टोबर १९५९ मध्ये जनरल मोटर्सने ती बाजारात आणली. एड कोल या इंजिनिअरची ही कल्पना. तेव्हाच्या अमेरिकन गाड्या म्हणजे लांबलचक आणि पुढे भलंमोठं इंजिन. कॉर्व्हेअरचं सगळंच उलटं! सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं ॲल्युमिनियमचं इंजिन, आणि तेही मागे. रेडिएटर नाहीच.

आता थोडी थिअरी. इंजिन मागे, म्हणजे वजनही मागे जास्त. त्यात मागे स्विंग ॲक्सल. जोरात वळण घेतलं की बाहेरचं चाक आत दुमडायचं, टायरची पकड कमी व्हायची आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जायचा. यावर उपाय म्हणून पुढे अँटीरोल बार बसवता आला असता, पण खर्च वाचवायला तो गाळला. त्याऐवजी मालकाला सांगितलं, पुढच्या टायरमध्ये १५ पीएसआय हवा ठेवा, मागच्यात २६. हवा कमी असली की पुढची चाकं वळणावर आधी घसरतात आणि मागची बाजू ताब्यात राहते. कागदावर एकदम बरोबर! पण हवा भरणारा पोरगा मॅन्युअल वाचतो का? तो चारही चाकांत सारखी हवा भरून मोकळा.

१९६४ च्या मॉडेलमध्ये शेवटी तो बार आला. १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच नवीन केलं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राल्फ नेडर या वकिलाचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. त्याचं पहिलंच प्रकरण जुन्या कॉर्व्हेअरवर होतं. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. फोर्ड मस्टंगने गिऱ्हाईक आधीच ओढलं होतं. मे १९६९ मध्ये कॉर्व्हेअर बंद पडली. तोवर अठरा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या होत्या.

गंमत म्हणजे, १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांचा निष्कर्ष आला की १९६० ते ६३ ची कॉर्व्हेअर त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती. म्हणजे कंपनी निर्दोष? मला तसं वाटत नाही. इतर गाड्या तितक्याच वाईट होत्या, हे काही उत्तर झालं नाही. सेफ्टी मॅन्युअलच्या पानावर ढकलायची नसते, ती ड्रॉइंगमध्येच बसवायची असते. उद्या आपण डिझाइन करू, तेव्हा हवा भरणाऱ्या त्या पोराला जरूर आठवूया.