छऱ्यांच्या जुन्या डब्या घेताना

तळहातावर मावणारी पत्र्याची डबी, झाकणावर रंगीत छपाई, आत एअरगनचे कमरेत बारीक असलेले शिशाचे छर्रे. इंग्लंडमध्ये अशा जुन्या डब्या जमवणारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखक त्यांतलाच.

तिथल्या एका जुन्या बाजारात त्याच्यापुढे एली या काडतुसे बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीची डबी आली. पहिल्या महायुद्धातली आहे, असे विक्रेता छातीठोकपणे सांगत होता. किंमतही त्याच तोऱ्यातली. झाकणावर मात्र ‘आयसीआय’ ही अक्षरे होती. एलीची पुढची मालक कंपनी म्हणजे आयसीआय, आणि तिची स्थापनाच मुळी १९२६ची! विक्रेत्याला हे सांगितल्यावर त्याने किंमत उतरवली नाही, डबी तेवढी मागे सरकवली.

काळ ठरवायचा तो अशा खुणांवरून. किंमत शिलिंगमध्ये छापलेली असेल, तर डबी बहुधा फेब्रुवारी १९७१ पूर्वीची, कारण तेव्हा ब्रिटनने दशमान चलन लागू केले. ‘वेस्ट जर्मनी’ हा उल्लेख १९४९ ते १९९० या काळातला. बीएसए या ब्रिटिश बंदूक कंपनीच्या जुन्या डब्यांवरचे १, २, ३ हे आकडे मालिकेचे समजून काही हौशी मंडळी ‘संच पूर्ण’ करायला धावतात. ते आकडे नळीच्या मापाचे आहेत, अनुक्रमे .१७७, .२२ आणि .२५ इंच.

कागदी लेबल असेल तर अतिनील दिवा जवळ ठेवावा. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात चकाकी आणणारी रसायने वापरात आली; असा कागद त्या उजेडात निळसर पांढरा चमकतो. १९२०च्या म्हणवणाऱ्या डबीचे लेबल तसे चमकले, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

घरी आणल्यावर खरी काळजी सुरू होते. गंज दिसला की हात तारेच्या घासणीकडे जातो. तो आवरावा, कारण गंजाबरोबर छपाईही निघते आणि मग उरतो नुसता पत्रा. मऊ कोरडे फडके पुरे. देखणे ओकचे कपाटही टाळावे. त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे खराब होते आणि छऱ्यांवर पांढरी भुकटी धरते.

ही भुकटी विषारी असते. ती फुंकून उडवू नये, डबी जेवणाच्या टेबलावर उघडू नये, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. घरात लहान मुले असतील, तर भरलेली डबी कुलपातच ठेवा.