एका अक्षराची चूक : सिकलसेल समजून घेऊ या

लेकराला सिकलसेल निघाला की घरात पहिला प्रश्न बहुधा औषधाचा नसतो. "हे कुणाकडून आलं?" हा असतो. मग बोट सुनेकडे जाते. तिच्या माहेरच्यांची नावे निघतात. कुणी बाहेरची बाधा म्हणते, कुणी गंडादोरा सुचवते, कुणी रक्तवाढीच्या टॉनिकची बाटली आणून देते. यात दोन-तीन वर्षे जातात आणि लेकरू दुखण्याने रडत राहते.

विदर्भातील आपल्या बौद्ध वस्त्यांत, गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत आणि नंदुरबार-धुळ्याकडील भिल्ल व पावरा समाजांत हा आजार बऱ्याच घरांत आहे. म्हणून "कुणाकडून आलं" याचे खरे उत्तर आपल्याला ठाऊक असायला हवे. ते आपल्या पेशींच्या आत लिहिलेले आहे. थोडे विज्ञान आहे, पण सावकाश वाचले तर दहावीच्या पोरालाही आणि त्याच्या आजीलाही समजेल.

पेशीतील वही

आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो. ही शरीराची वहीच समजा. तिच्यात चारच अक्षरे आहेत : ए, टी, जी आणि सी. या चार अक्षरांच्या सुमारे ३०० कोटी जोड्या एका संचात असतात. असे दोन संच आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. या वहीतील कामाचा एकेक उतारा म्हणजे जनुक. कोणते प्रथिन कसे बनवायचे, हे बहुतेक जनुकांत लिहिलेले असते.

या वहीबाबत शरीर तीन कामे करते.

पहिले, नक्कल करणे. एका पेशीच्या दोन पेशी होताना सगळी वही पुन्हा लिहिली जाते. याला डीएनएची प्रतिकृती म्हणतात.

दुसरे, उतारा काढणे. मूळ वही पेशीच्या केंद्रकातून बाहेर जात नाही. हवा तेवढाच उतारा आरएनए नावाच्या चिठ्ठीवर उतरवून बाहेर पाठवला जातो. याला प्रतिलेखन म्हणतात.

तिसरे, बांधकाम. बाहेर रायबोझोम नावाचे कारागीर ती चिठ्ठी तीन-तीन अक्षरांनी वाचतात. प्रत्येक तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल, जणू एक वीट, लावत जातात. विटांची माळ पूर्ण झाली की प्रथिन तयार.

चूक कशी होते?

तीन-तीन अक्षरांचे एक वाक्य घेऊ : "रमेश सकाळी भाकरी बनव". यात "भा"च्या जागी "चा" पडला तर "रमेश सकाळी चाकरी बनव" होते. एकच अक्षर बदलले आणि एकाच शब्दाचा अर्थ बदलला. पण "रमेश"मधला "मे" गळाला आणि आपण तरीही तीन-तीन अक्षरेच वाचत गेलो तर? "रशस काळीभा करीब नव". पुढचे सगळेच बिघडले. डीएनएमध्येही या दोन्ही तऱ्हेच्या चुका होतात. अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात.

नक्कल करणारी यंत्रणा फार काटेकोर आहे. ती लिहिता लिहिता तपासते, चुकले तर खोडून पुन्हा लिहिते. तिच्या मागून दुरुस्ती करणारी दुसरी प्रथिनेही फिरतात. एवढे झाल्यावर शंभर कोटी अक्षरांमागे एखादी चूक उरते, किंवा तीही उरत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. डीएनएचे धागे दोन असतात आणि दुरुस्ती होते ती एक धागा दुसऱ्याशी ताडून. चूक सुटून गेली आणि पुढची नक्कल झाली की दोन्ही धाग्यांवर तेच चुकीचे अक्षर येते. मग ताडून पाहायला काही उरत नाही. ती चूकच आता मूळ ठरते आणि इमानेइतबारे पुढे उतरवली जाते. अशी चूक स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत असेल तर ती पुढच्या पिढीत जाते.

सिकलसेलची चूक हजारो वर्षांपूर्वी अशीच सुटून गेलेली आहे.

सिकलसेलमध्ये नेमके काय बिघडते?

रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या चार साखळ्यांपैकी दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीचा उतारा ११व्या गुणसूत्रावर आहे. ही साखळी १४६ अमिनो आम्लांची. तिच्या सहाव्या जागी "जीएजी" अशी अक्षरे हवीत. सिकलसेलमध्ये तेथे "जीटीजी" असते. ए च्या जागी टी, एवढाच फरक.

आता तिन्ही कामे पाहा. नक्कल व्यवस्थित होते, चुकीच्या अक्षरासकट. चिठ्ठीही नीट उतरते, त्याच अक्षरासकट. कारागीर चिठ्ठीत लिहिले तसेच बांधतो. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल लावायचे ते व्हॅलिन लावतो. म्हणजे यंत्रणा कुठेच आळशी नाही, शरीर कमजोर नाही. मूळ लिखाणातले एक अक्षर तेवढे वेगळे आहे.

पण त्या एका विटेने इमारतीचा स्वभाव बदलतो. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे, व्हॅलिन पाण्यापासून पळणारे. प्राणवायू सोडून दिल्यावर ही हिमोग्लोबिने एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या लांब ताठ काड्या बनतात. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. एवढ्यांच्या काड्या झाल्या की गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि असह्य दुखते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे आहे. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी हा फरक एकाच अमिनो आम्लाचा आहे हे शोधून काढले.

थॅलेसेमिया : दुसऱ्या ठिकाणची चूक

त्याच बीटा जनुकात दुसऱ्या चुका झाल्या तर बीटा थॅलेसेमिया होतो. काहींमध्ये जनुकाच्या सुरुवातीच्या भागात बदल असतो, त्यामुळे चिठ्ठ्याच कमी निघतात. काहींमध्ये चिठ्ठी निघते, पण तिच्यातला नको तो मजकूर कापून उरलेले तुकडे जोडताना गडबड होते. भारतात सर्वाधिक आढळणारी चूक याच प्रकारची आहे. काहींमध्ये एक अक्षर जास्त घुसते आणि वर पाहिले तसे पुढचे सगळे वाचन बिघडते, साखळी अर्धवट राहते.

सिकलसेलमध्ये प्रथिन वेगळे बनते, थॅलेसेमियात ते कमी बनते किंवा बनतच नाही. एका पालकाकडून सिकलसेलचे आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचे जनुक आले तरी मूल आजारी होऊ शकते. म्हणून लग्नाआधीच्या तपासणीत दोन्ही पाहावे.

आता "कुणाकडून?" याचे उत्तर

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती. दोन्ही नीट असतील तर "एए", निरोगी. एक नीट आणि एक सिकलची असेल तर "एएस", म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असतील तर "एसएस", म्हणजे रुग्ण.

वाहक आजारी नसतो. तो शेतात राबतो, शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. त्याला बहुधा ठाऊकही नसते. मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून वाहकाला बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले ते याचमुळे.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत निरोगी मुलाची शक्यता चारात एक, वाहकाची चारात दोन, रुग्णाची चारात एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तिन्ही निरोगी, असा हिशेब नाही. दर खेपेला चिठ्ठी नव्याने उचलली जाते. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर एसएस मूल होत नाही. निम्मी शक्यता वाहकाची, निम्मी निरोगीची. एक रुग्ण आणि दुसरा वाहक असेल तर निम्मी शक्यता रुग्णाची.

तेव्हा एसएस मुलाला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून आलेली असते. सुनेला एकटीला दोष देणे हे विज्ञानाला सोडून आहे आणि माणुसकीलाही. हे कुणाचे पाप नाही, बाधा नाही, "खराब रक्त" तर मुळीच नाही.

एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात दाखवले की जातीतल्या जातीतच लग्न हाच जातीचा गाभा आहे. पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकीचे वर्तुळ लहान राहिले की तेच जनुक त्याच जनुकाला पुन्हा पुन्हा भेटते. जातीच्या भिंतीने आपल्या आरोग्याचेही नुकसान केले आहे. अर्थात लग्न जातीत असो की आंतरजातीय, तपासणी कुणालाच सोडू नये.

तपासणी कशी?

पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. ती सोपी आहे, पण तिच्यावरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला तिचा भरवसा नाही. म्हणून ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच. थॅलेसेमियाचा वाहकही एचपीएलसीत सापडतो. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जा. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. ही संधी आपल्या वस्तीने सोडू नये.

दोघे वाहक असूनही लग्न झाले असेल तर घाबरू नका. गर्भ राहताच डॉक्टरांना सांगा. गर्भाची सिकलसेल तपासणी मोठ्या रुग्णालयांत होते. मुलगा की मुलगी हे पाहण्यास कायद्याने बंदी आहे, या आजाराच्या तपासणीस बंदी नाही. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, विशेषतः त्या बाईचा.

रुग्णाची काळजी

बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते, म्हणून त्रास दिसत नाही. नंतर हातापायांचे पंजे सुजणे, पिवळे डोळे, वारंवार ताप, सांधेदुखी सुरू होते. अशा बाळाची तपासणी लगेच करा.

पाणी भरपूर द्या. थंडी, पावसात भिजणे, उन्हात राबणे टाळा. सगळ्या लसी वेळेवर द्या, न्यूमोकोकलसह. लहान मुलांना पेनिसिलिन आणि फॉलिक आम्लाची गोळी डॉक्टर देतात, ती थांबवू नका. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, त्यामुळे दुखण्याचे झटके कमी होतात. ते रक्ततपासणी करत डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे. लोहाची गोळी मात्र मनाने देऊ नका. इथे रक्त कमी होते ते पेशी फुटल्यामुळे. टॉनिकने वहीतले अक्षर बदलत नाही.

तीव्र ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी पांढरे पडणे, पोट फुगून डाव्या बाजूला गाठ लागणे, हात-पाय लुळे पडणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्री असेल तर रात्रीच दवाखाना गाठा.

सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. रुग्णाने जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुकात बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच रक्तमूळपेशी काढून गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद करणारी कळ निकामी करतात. सिकलचे अक्षर तसेच राहते, पण जुना उतारा पुन्हा वाचला जाऊ लागतो. त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. तो आपल्या वस्तीपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. रक्ताची तपासणी आजच पोहोचलेली आहे.

एवढे करा

मंगल परिणय ठरवताना शिक्षण, नोकरी, घर पाहतो, तसा दोघांचा सिकलसेलचा अहवालही पाहा. तो साखरपुड्याआधी पाहा. पत्रिका छापल्यावर पाहून कुणाची अब्रू काढू नका. वाहक मुलीला किंवा मुलाला नाकारू नका. दोन्ही बाजू वाहक असतील तेवढ्याच ठिकाणी थांबून डॉक्टरांशी बोला. बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर आशाताईंना बोलावून एकदा सगळ्या वस्तीची तपासणी करून घ्या, आणि अहवाल ज्याचा त्याच्याच हाती द्या.

जय भीम!